पंपवाल्याच्या घरी पॅरामिशियम

मी पंपवाला. एकवीस वर्षं झाली, इम्पेलर, केसिंग, हेड, डिस्चार्ज याच शब्दांत दिवस जातो. कोल्हापूरच्या आसपास उसाला पाणी पाजणाऱ्या मोटारींपासून साखर कारखान्यातल्या मळीपर्यंत जे काही वाहतं, ते कसं उचलायचं हे सांगून पोट भरतो. त्यामुळं गेल्या दिवाळीनंतर थोरलीनं नववीच्या विज्ञान प्रकल्पासाठी 'सूक्ष्मजीव पाण्यात कसे पोहतात' हा विषय घरी आणला, तेव्हा मी छाती पुढं काढून म्हणालो, "जीव तुझे, पाणी माझं. पाण्याची काळजी करू नकोस."

हे वाक्य तिनं पुढं चार महिने मला ऐकवलं.

पोहणारे जीव आधी घरी वाढवायचे होते, म्हणून सुरुवात पिंजरापासून झाली. मेव्हण्याच्या शेतावरून भाताचं मूठभर पिंजर आणलं, ते पाण्यात उकळलं, गार करून बरणीत ओतलं. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं म्हणून ते आदल्या रात्रीच भरून उघडं ठेवलं होतं. दोन दिवसांनी त्यात रंकाळ्याच्या काठचं, कुजकी पानं असलेलं वाटीभर पाणी घातलं. तिसऱ्या दिवशी वर साय धरली आणि असा वास सुटला की आईनं बरणी देवघराच्या भिंतीपासून लांब, गच्चीच्या जिन्यात हलवायला लावली. ती साय म्हणजे जिवाणू. ते खायला आधी बारीकसारीक प्राणी येतात आणि त्यांच्यामागून आपला चपलेच्या तळव्यासारखा एकपेशीय जीव, पॅरामिशियम. आमच्याकडं तो बाराव्या दिवशी आला. बरणी उजेडात धरली तर काचेलगत पांढऱ्या ठिपक्यांची लगबग नुसत्या डोळ्यांनाही कळायची.

मायक्रोस्कोप जुना घेतला होता. आयपीसला मोबाइल लावायला पीव्हीसी पाइपाच्या तुकड्यातून एक टोपण कापलं. एवढं काम तरी मला येत होतं. मोजपट्टीसाठी कारखान्यातली अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची स्टीलची पट्टी भिंगाखाली ठेवून फोटो काढला. म्हणजे पडद्यावरच्या किती ठिपक्यांना किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग), हा हिशेब बसला.

पहिल्याच संध्याकाळी माझ्या पाण्याच्या ज्ञानाला तडा गेला. एक पॅरामिशियम शेवाळाच्या धाग्यावर येऊन आपटला, मागं सरकला, जरा वळला आणि दुसऱ्या दिशेनं निघाला. यात नवल नाही, शाळेच्या पुस्तकातही हे असतं. थोरली म्हणाली, "पप्पा, हा थांबला कधी?" व्हिडिओ परत लावला. एका चौकटीत तो पुढं चालला होता, पुढच्या चौकटीत मागं. मधे काहीच नाही. मोबाइल सेकंदाला 240 चौकटींच्या स्लो मोशनवर टाकून पुन्हा चित्रीकरण केलं. तरी थांबण्याची क्रिया सापडेना. वल्हं थांबवलं तरी नाव थोडी पुढं जाते, मोटार बंद केली तरी पंप चार फेरे घेतो, नळ झटकन बंद केला तर पाइपात धक्का बसतो. चाललेल्या वस्तूला चालत राहायचं असतं. माझा सगळा धंदा या गोष्टीवर उभा आहे, आणि इथं हा प्राणी ब्रेकशिवाय जागच्या जागी थांबत होता.

रात्री कागद घेऊन बसलो. रेनॉल्ड्स आकडा मला नवा नव्हता. ऑस्बॉर्न रेनॉल्ड्सनं 1883 साली मँचेस्टरला काचेच्या नळीत रंगाची रेघ सोडून पाणी कधी सरळ वाहतं आणि कधी गढूळतं ते दाखवलं. तेव्हापासून आम्ही पंपवाले त्याचं नाव घेतो. जडत्वाचा जोर किती आणि चिकटपणाचा जोर किती, याचं ते गुणोत्तर. लांबी गुणिले वेग, भागिले द्रवाचा घट्टपणा (म्हणजे तोच चिकटपणा, घनतेचा हिशेब धरून). 20 सेंटिमीटर व्यासाचा इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक), मिनिटाला 2900 फेरे, म्हणजे काठाचा वेग सेकंदाला सुमारे 30 मीटर. आकडा येतो साठ लाखांच्या घरात. पंचगंगेत पोहणारा माणूस धरला तरी दहा लाखांच्या आसपास. एवढ्या आकड्यांत चिकटपणा म्हणजे लग्नातला लांबचा पाहुणा: आहे, पण त्याच्यासाठी कुणी थांबत नाही.

मग पॅरामिशियमचा आकडा मांडला. लांबी 200 मायक्रॉन, वेग सेकंदाला एक मिलिमीटर. उत्तर 0.2. मला वाटलं दशांशचिन्ह चुकलं. पुन्हा केलं, तेच. जिवाणूचं करून पाहिलं: लांबी दोन मायक्रॉन, वेग सेकंदाला तीस मायक्रॉन, उत्तर 0.00006. नोकरीला लागल्यापासून एकपेक्षा लहान रेनॉल्ड्स आकडा मी लिहिला नव्हता. एकपेक्षा लहान, म्हणजे जडत्वापेक्षा चिकटपणा भारी.

थांबायला किती वेळ लागेल तेही ढोबळ काढलं. अर्धा मिलिसेकंद. तेवढ्यात तो जेमतेम अर्धा मायक्रॉन पुढं जाईल, म्हणजे स्वतःच्या लांबीच्या चारशेव्या हिश्श्याएवढा. माझ्या मोबाइलची एक चौकट चार मिलिसेकंदांची. चौकटींच्या मधल्या फटीत तो आठ वेळा थांबून मोकळा होईल. जिवाणूची गोष्ट त्याहून पुढची. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञानं (1952 चं नोबेल त्याला वेगळ्याच कामासाठी मिळालं होतं) 1976 साली दिलेल्या एका भाषणात हिशेब मांडला होता, की जिवाणूनं पोहणं थांबवलं तर तो एका अणूच्या व्यासाइतकंही अंतर घरंगळत जात नाही. त्या जगात काल काय केलं याला किंमत नाही. या क्षणी जोर लावताय तर हलताय, नाहीतर उभे.

थोरलीला हे आकडे सांगून उपयोग नव्हता. तिला हात घालून पाहायचं होतं. आपण लहान होऊ शकत नाही, मग पाणी घट्ट करायचं. पहिला विचार अर्थातच काकवीचा आला. कोल्हापुरात काकवीला काय तोटा! पण काकवी काळी, आत काय चाललंय ते दिसेना. शेवटी लक्ष्मीपुरीतून मिठाईवाले वापरतात ते लिक्विड ग्लुकोज आणलं, पाच किलोचा डबा. ते पाण्यासारखं नितळ असतं आणि चमच्यावरून पडताना तार तुटत नाही. थोडं पाणी घालून ढवळलं, तर सगळं बुडबुड्यांनी पांढरं झालं. ते बुडबुडे वर यायला रात्र गेली. बारीक बुडबुडे तर सकाळीही तिथंच होते. ज्या नियमानं पॅरामिशियम थांबतो त्याच नियमानं हे अडकून बसलेत, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

पहिला प्रयोग ब्रिटिश शास्त्रज्ञ जी. आय. टेलरनं जुन्या शैक्षणिक फिल्ममध्ये करून दाखवलेला. मोठ्या बरणीत मधोमध छोटी बरणी, दोघींच्या मधल्या फटीत ग्लुकोज. थोड्या ग्लुकोजमध्येच खायचा लाल रंग कालवून सिरिंजनं त्याचा एक ठिपका आत सोडला. मग आतली बरणी सावकाश तीन फेरे फिरवली. ठिपका ताणला गेला, रेघ झाली, रेघेचा पट्टा झाला आणि लाल रंग पसरून फिकट झाला. कालवलं गेलं, असंच कुणीही म्हणेल. मग तेवढेच तीन फेरे उलटे. पट्टा आखडत आला, रेघ झाली आणि शेवटी ठिपका परत जागेवर. कडा जरा पुसट, पण ठिपका तोच. आई मागं उभी राहून बघत होती. ती म्हणाली, "मग आमटीत जास्त पडलेलं मीठ पण काढता येईल की असं." नाही येत. आमटी पातळ असते, ढवळली की भोवरे उठतात, आणि भोवरे उलटे फिरवून मागं नेता येत नाहीत. जिथं जडत्व नाही तिथंच हे चालतं: केलेलं सगळं उलट्या क्रमानं केलं की सगळं होतं तिथं येतं.

मला चमत्काराइतकीच यात एक अडचणही दिसली. थोरलीला मात्र ती आधी दिसली. "म्हणजे शेपूट इकडं मारली आणि परत तिकडं मारली, तर मासा जागच्या जागीच?"

करून पाहिलं. धाकट्याचा चावीचा प्लॅस्टिकचा मासा होता, शेपूट डावी-उजवी हलवत बादलीत मस्त पळायचा. ग्लुकोजमध्ये सोडला. शेपूट सावकाश इकडं गेली, अंग तिकडं झुकलं. शेपूट परत आली, अंगही परत आलं. चावी संपेपर्यंत तो आपल्या जागी बसून नकारार्थी मान हलवत राहिला. शेपूट जाताना जोरात आणि येताना हळू हलवली तरी फरक पडणार नाही, हे पर्सेलनं सांगितलंय. वेगाचा तिथं संबंधच नाही, फक्त आकार कोणत्या क्रमानं बदलले तेवढंच मोजलं जातं. दोन शिंपा उघडणं-मिटणं एवढंच ज्याला येतं असा शिंपला त्या जगात कधीच पुढं जाणार नाही. या गोष्टीला शिंपल्याचंच नाव पडलंय.

मग तांब्याची तार पेन्सिलीला गुंडाळून मळसूत्र केलं. पेनाच्या रिकाम्या नळीत रबरबँड पिळून त्याच्या टोकाला ते अडकवलं. मळसूत्र एका बाजूला फिरायला लागलं, नळी दुसऱ्या बाजूला फिरायला लागली, आणि एका मिनिटात ते सगळं दोन बोटं पुढं गेलं. थोरलीनं टाळ्या वाजवल्या. मी टाळ्या वाजवल्या नाहीत, कारण मला मळी आठवली होती.

साखर कारखान्यातली मळी उचलायला सेंट्रिफ्यूगल पंप चालत नाही, हे मी शेकडो लोकांना सांगितलंय. तिथं स्क्रू नाहीतर गिअर पंप लागतो. इम्पेलर पाण्याला भिरकावतो, आणि घट्ट द्रव भिरकावला जात नाही. त्याला धरून, कोंडून, सरकवत न्यावं लागतं. म्हणजे मी इतकी वर्षं दारातच उभा होतो, आत डोकावलं नव्हतं एवढंच. ई. कोलाय हा आपल्या आतड्यातला जिवाणू मळसूत्री कशाभिका (शेपटीसारखे धागे) सेकंदाला शंभरएक फेरे फिरवतो. त्या नुसत्या वळवळत नाहीत, मुळाशी असलेल्या मोटरवर खरोखर गरगर फिरतात, हे हॉवर्ड बर्ग आणि रॉबर्ट अँडरसन यांनी 1973 मध्ये मांडलं. मोटर म्हटल्यावर मी साहजिकच त्याच्या पोहण्याची कार्यक्षमता शोधली. एक ते दोन टक्के! आमच्याकडं सत्तर टक्क्यांच्या खाली पंप गेला की गिऱ्हाईक फोन उचलत नाही. पण जिवाणूचं वीजबिल वेगळं आहे. त्याच्या एकूण खर्चात पोहण्याचा खर्चच इतका किरकोळ, की दोन टक्क्यांवरही त्याचं भागतं.

ते मळसूत्र पुढं का जातं, हे हाताला कळतं. उदबत्तीची काडी ग्लुकोजमध्ये धरून आधी तिच्या लांबीच्या दिशेनं ओढायची, मग तशीच आडवी ढकलायची. आडवीला जवळपास दुप्पट जोर लागतो. सगळा खेळ या फरकाचा. काडी तिरकी धरून ओढली तर ती ओढाल तिकडं न जाता कडेला सटकते. मळसूत्र म्हणजे अशा तिरक्या काड्यांची माळ, आणि त्या सगळ्या मिळून एकाच दिशेला सटकतात. पॅरामिशियमच्या अंगावर मळसूत्र नाही. त्याला हजारो केस आहेत, पक्ष्माभिका, प्रत्येक साधारण दहा मायक्रॉन लांब. केस मारताना ताठ राहतो आणि आडवा फिरतो. परतताना मोडतो, वाकतो आणि अंगालगत सरपटत येतो. जाण्याचा रस्ता वेगळा आणि येण्याचा वेगळा. शिंपल्याला हे जमत नाही, याला जमतं.

इथवर सगळं छान चाललं होतं. माझी खरी फजिती मोजमापात झाली.

ठरलं असं: पाणी मुद्दाम घट्ट करायचं आणि पॅरामिशियम किती हळू होतो ते मोजायचं. शाळा-कॉलेजात त्याला मंदावण्यासाठी मिथाइल सेल्युलोज वापरतात, तेच आणलं. डबीवर पद्धत लिहिलेली नव्हती. मी पावडर गार पाण्यात टाकून घोटली आणि पिठल्यात होतात तशा गुठळ्या झाल्या. म्हटलं तापवू, विरघळेल. तापवल्यावर आणखी बिघडलं. नंतर कळलं की हे सगळं उलटं असतं. पिष्ट गरम पाण्यात फुलतं, आणि हे गार पाण्यात विरघळतं, पण आधी गरम पाण्यात भिजवून, कण सुटे करून मग गार करावं लागतं. तीन डाव वाया गेले. चौथ्यांदा नितळ झालं. घट्टपणा मोजायला सिरिंजचा दांडा काढला, बारीक सुई लावली आणि ठरलेल्या खुणेपासून खुणेपर्यंत उतरायला पाण्याला किती सेकंद आणि याला किती ते पाहिलं. आमचा द्राव पाण्याच्या साधारण नऊपट निघाला.

पहिल्या दिवशीचे आकडे मात्र कशालाच जुळेनात. साध्या पाण्यातलेच पॅरामिशियम कधी सेकंदाला एक मिलिमीटर, कधी त्याच्या निम्मे. मी आधी दिव्याला दोष दिला (दिव्यानं थेंब तापतो आणि ते वेगानं पळतात, हेही खरंच आहे), मग बरणीला, मग थोरलीच्या क्लिक करण्याला. चूक माझी होती. कव्हरस्लिप, म्हणजे वरून झाकायची पातळ काच, मी थेट थेंबावर ठेवत होतो. खाली काच, वर काच, मधे जेमतेम त्या प्राण्याच्या जाडीएवढी जागा. आमच्या धंद्यात भिंतीचा परिणाम भिंतीलगतच्या पातळ थरापुरता. तिथं तसं नाही. पोहणाऱ्यानं हलवलेलं पाणी दूरवर हललेलं राहतं, आणि काच कितीतरी अंगलांबी दूर असली तरी त्याला ती जाणवते. मग फुटक्या कव्हरस्लिपचे तुकडे एकावर एक दोन असे चार कोपऱ्यांत व्हॅसलीननं चिकटवले आणि त्यावर वरची काच ठेवली. आकडे लगेच शहाण्यासारखे वागायला लागले. तीसेक मार्गांची सरासरी सेकंदाला 1.1 मिलिमीटर आली. नऊपट घट्ट द्रावात ती 0.2 वर उतरली.

मी वहीत निष्कर्ष लिहून टाकला: 'द्रव घट्ट झाल्यानं अडथळा वाढला, म्हणून वेग कमी झाला.' परीक्षेत पूर्ण गुण मिळावेत असं वाक्य. थोरली पेन चावत बसली होती. म्हणाली, "पप्पा, पण तो पुढं जातो ते कशाला धरून?"

पाण्याला धरून, अर्थात.

"पाणी पण नऊपट घट्ट झालं ना? मग त्याची पकड नऊपट वाढली नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी कारखान्यात टेस्ट बेडवर पंप चालू असताना डोक्यात तेच चाललं होतं. आमचा इम्पेलर पाण्याचं वजन मागं फेकतो आणि चिकटपणा त्या कामात खोडा घालतो. इथं फेकणं मुळातच नाही. पक्ष्माभिकेला जो रेटा मिळतो तो चिकटपणातूनच, आणि अंगाला जी ओढ बसते तीही चिकटपणातूनच. दोन्हीकडं तोच गुणक, दोन्हीकडून तो उडतो. चिखलातून चालताना पाय ज्या चिखलात रुततो, त्याच चिखलाचा आधार घेऊन आपण पुढचं पाऊल टाकतो, तशातला प्रकार. केसांची हालचाल त्याच गतीनं, त्याच आकारात चालू राहिली असती, तर नऊपटच काय नव्वदपट घट्ट द्रवातही पॅरामिशियमचा वेग तोच राहिला असता. माझं वाक्य चुकीचं होतं, आणि त्या पोरीनं ते एका प्रश्नात पाडलं होतं.

मग वेग कमी का झाला? एकच वाट उरते: केसच हळू मारले जात असणार. तो पोहताना हे मोजणं अशक्य, म्हणून थेंबात कापसाचे चार तंतू घातले आणि त्यांत एक-दोन पॅरामिशियम अडकेपर्यंत वाट पाहिली. 40 च्या भिंगाखाली, स्लो मोशनवर, त्याच्या कडेनं उसाच्या शेतावरून वारा जावा तशा लाटा जाताना दिसतात. सगळे केस एकदम न मारता शेजारच्याच्या मागोमाग मारतात, म्हणून ती लाट. एका जागी बोट ठेवून मोजल्या. पाण्यात सेकंदाला वीसच्या जवळपास, घट्ट द्रावात चार-पाच. दुसऱ्या रविवारी पुन्हा मोजल्या, फार फरक नाही. वेगही साधारण त्याच प्रमाणात उतरला होता. अडथळ्यानं थेट वेग खाल्ला नव्हता, त्यानं मोटर दमवली होती.

त्यात एक बारकावा मला पंपवाला म्हणून आवडला. मोटरचा जोर ठरलेला असता तर गती नवव्या हिश्श्यावर यायला हवी होती. तिची पॉवर ठरलेली असती तर तिसऱ्या हिश्श्यावर, कारण पॉवर गतीच्या वर्गानं जाते. आमचं उत्तर दोन्हींच्या मधे, पाचव्या हिश्श्याच्या जवळ. यावर फार बोलू नये, कारण मिथाइल सेल्युलोजच्या लांब साखळ्या पाण्यात पडल्या की ते सरळमार्गी द्रव राहत नाही. सुईतून उतरताना त्याचा घट्टपणा एक आणि केसाच्या टोकाशी दुसरा असू शकतो. पण वहीतलं वाक्य खोडलं आणि थोरलीनं नवं लिहिलं. तिच्या अक्षरात.

प्रदर्शनाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. परीक्षकांनी वही चाळली, ग्लुकोजच्या बरणीत बोट बुडवून चाटलं आणि "चालतं मॉडेल कुठाय?" असं विचारलं. थोरलीनं बरणी फिरवून दाखवेपर्यंत ते शेजारच्या थर्माकोलच्या ज्वालामुखीकडं गेले होते. ती दोन दिवस गप्प होती. मी त्याहून जास्त.

तिसऱ्या दिवशी मेव्हण्याकडं गेलो होतो. तिथं जनावरांच्या पाण्याचा हौद आहे, त्यातलं पाणी पोपटी हिरवं झालं होतं. सवयीनं बाटली भरून आणली. मायक्रोस्कोपखाली युग्लीनाची जत्रा: लांबट हिरवे जीव, एका टोकाला लाल ठिपका, पुढं एक चाबूक. थोडं पाणी पेट्री डिशमध्ये ओतून खिडकीत ठेवलं आणि जेवायला बसलो. परत येऊन पाहतो तर सारखं हिरवं असलेलं पाणी ठिपक्या-ठिपक्यांचं झालेलं, ठिपक्यांना जोडणारे धागे, मधे मोकळ्या जागा. थोरलीनं डिश हलवून सगळं एकसारखं केलं. दोन-तीन मिनिटांत नक्षी परत उमटली, आधीपेक्षा वेगळी.

युग्लीनाची ही नक्षी हॅरल्ड वॅगर या इंग्रज शास्त्रज्ञानं 1911 मध्येच टिपून ठेवली होती. पुढं 1961 मध्ये तिला बायोकन्व्हेक्शन हे नाव मिळालं. हे जीव वर पोहतात, आणि ते पाण्यापेक्षा किंचित जड असतात. सगळे वर गोळा झाले की वरचा थर जड होतो, आणि जड थर वर राहत नाही, जागोजागी कोसळून खाली येतो. कोसळणारी धार आणखी जिवांना आपल्यात ओढते. खाली पोहोचले की ते पुन्हा वर पोहायला लागतात. एकेकट्याचा रेनॉल्ड्स आकडा एकच्या कितीतरी खाली, स्वतःच्या बळावर तो पाणी काय हलवणार! पण लाखांनी एकत्र आले की डोळ्यांना दिसेल असा प्रवाह उभा करतात, आणि मग तोच प्रवाह त्यांना फिरवतो. डिशसमोर मी बराच वेळ बसलो. इथं मात्र मला ओळखीचं पाणी दिसत होतं.

आता आमचा एक नवा उद्योग चाललाय. जॉन केसलर या शास्त्रज्ञानं 1985 मध्ये दाखवलं, की पोहणारं शेवाळ उभ्या नळीतून खाली वाहू दिलं तर ते नळीच्या मधोमध एका बारीक हिरव्या दोऱ्यात गोळा होतं, आणि प्रवाह वर जाणारा केला तर भिंतींकडं पळतं. त्या जिवांचा मागचा भाग जड असतो, म्हणून त्यांचं तोंड वर राहू पाहतं. नळीत मधे पाणी वेगानं जातं, कडेला हळू, त्यामुळं प्रवाह त्यांना कोलमडवू पाहतो. या ओढाताणीत तोंड तिरकं होतं, आणि खाली वाहणाऱ्या नळीत ते तिरकेपण मधल्या बाजूला असतं. गाळणी नाही, झडप नाही, आणि वेगळं काढण्याचं काम झालेलं. मी हे वाचून आमच्या डिझाइनवाल्या पोरांना सांगितलं, तर ती माझ्याकडं काळजीनं बघायला लागली.

आम्ही सलाइनची नळी खिडकीत उभी टांगली आणि चाकाच्या क्लॅम्पनं धार अगदी बारीक केली. पहिल्या वेळी सगळे युग्लीना उजेडाच्या बाजूला जाऊन बसले. दुसऱ्या वेळी नळीवर काळा कागद गुंडाळला, तर आत पाहायला जागा उरली नाही. तिसऱ्या वेळी कागदाला दोन फटी ठेवल्या आणि रात्री दिवे बंद करून टॉर्चनं पाहिलं. थोरली म्हणते, मधोमध केसासारखी हिरवी रेघ होती. मला दिसली नाही. माझं मत आहे की ती दिसायला हवी होती म्हणून तिला दिसली. तिचं मत आहे की मी चष्मा बदलावा. मेव्हण्याला आणखी दोन बाटल्या हिरवं पाणी पाठवायला सांगितलंय. येत्या रविवारी बहुतेक आईच्या देवघरातल्या खिडकीत, कारण तिथंच ऊन सरळ येत नाही, आणि आईला हे अजून सांगितलेलं नाही.